क्रॉस स्टिचचा तुगरा: फुल्या भरून झाल्यावर उरलेलं काम

आपल्या घरांत बैठकीच्या भिंतीवर तुगरा असतोच. कुठे छापील, कुठे काचेवर रंगवलेला, आणि कितीतरी घरांत घरातल्याच आपाने किंवा खालाने भरलेला. मॅटीवर क्रॉस स्टिचने केलेली बिस्मिल्लाह, आयतुल कुर्सी, काबा शरीफ, नाहीतर मदिन्याचा हिरवा घुमट. आमच्या असोद्यात सुट्टी लागली की मुली हेच काम घेऊन बसतात, आणि जळगावला जाणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत दोऱ्याच्या नंबरांची चिठ्ठी असते.

गेल्या काही वर्षांत या कामात एक बदल झालाय. पूर्वी पांढऱ्या कापडावर फक्त अक्षरं भरायची, मागचं कापड मोकळं सोडायचं. आता मोबाइलच्या अॅपमध्ये फोटो टाकला की ग्राफ तयार मिळतो, आणि त्यात एकही चौकोन रिकामा नसतो. आकाशसुद्धा भरायचं, मागची भिंतसुद्धा भरायची. याला फुल कव्हरेज म्हणतात, आपण भरगच्च काम म्हणू. काम दिसतं जबरदस्त, यात वाद नाही. पण महिनोन् महिने बसून फ्रेम भिंतीवर चढली की बऱ्याच जणींचा चेहरा उतरतो. फोटोत गोल असलेला घुमट कापडावर सपाट झालेला असतो. काबा म्हणजे नुसता काळा चौकोन. आणि अक्षरांना जिन्यासारख्या पायऱ्या.

असं का होतं हे आधी समजून घेऊ. हिशोब सोपा आहे. १४ नंबरच्या कापडावर एका इंचात १४ चौकोन असतात, म्हणजे एका चौरस इंचात १९६ फुल्या. १२ बाय १६ इंचाचं चित्र घेतलं तर १६८ गुणिले २२४, म्हणजे ३७,६३२ फुल्या. तासाला दोनशे फुल्या धरल्या तरी जवळजवळ १९० तास. रोज दीड तास मिळाला, आणि घर-स्वयंपाक सांभाळून तो रोज मिळतोच असं नाही, तर चार महिने. एवढं करूनही प्रत्येक फुली एकाच मापाची, एकाच उंचीची आणि एकाच दिशेची. एक फुली जवळपास १.८ मिलिमीटरची. त्याच्याहून बारीक जे काही असेल, ते या जाळीत बसतच नाही. मिनाराची कड, खिडकीची जाळी, अक्षरावरचा जबर, हे सगळं अॅप शेजारच्या रंगात मिसळून टाकतं. त्यात पुन्हा अॅप एक खोड करतं: इकडे एक तपकिरी चौकोन, तिकडे एक करडा, असे सुटे ठिपके उधळून ठेवतं. भरताना जीव जातो, आणि लांबून ते नुसतं मळकट दिसतं. असे एकटे पडलेले ठिपके मी तरी सरळ शेजारच्या रंगात भरायला सांगते. चित्राचं काही बिघडत नाही.

म्हणजे फुल्या संपल्या की चित्राचा पाया झाला. बारकावा आणि उठाव त्याच्यावर वेगळा चढवावा लागतो, आणि त्याला लागतात फार तर आठ-दहा दिवस. चार महिन्यांच्या कामात हे दहा दिवस काहीच नाहीत, पण नेमके तेच दिले जात नाहीत. कारण तोवर हात कंटाळलेले असतात, नाहीतर लग्नाची तारीख जवळ आलेली असते.

अक्षरांपासून सुरुवात करते, कारण तिथे प्रश्न फक्त शोभेचा नाही.

अरबी लिपीत बे, ते, से यांची बैठक एकच, फरक नुक्त्यांचा. उर्दूत 'खुदा' लिहिताना पहिल्या अक्षरावरचा नुक्ता खाली उतरला की ते 'जुदा' होतं, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. आता बिस्मिल्लाहचा शेवटचा शब्द बघा: अर्रहीम. यात बडी हे आहे, तिला नुक्ता नाही. तिच्या लगेच डावीकडे ये, तिला खाली दोन नुक्ते. ग्राफ लहान असेल तर हे दोन नुक्ते एकमेकांत मिसळून एकच ठिपका होतो, आणि तो एखादा चौकोन उजवीकडे सरकला की हे च्या खाली येतो. हे च्या खाली नुक्ता म्हणजे जीम. रहीमचं वाचलं जातं रजीम. रजीम हा शब्द आपण अऊजुमध्ये कुणासाठी म्हणतो, ते सांगायला नको. भरणारीचा यात काडीचा दोष नसतो, तिने ग्राफप्रमाणे चौकोन मोजलेले असतात. पण तो तुगरा मग वीस-तीस वर्षं भिंतीवर राहतो, लेकीच्या जहेजमध्ये जातो, हजहून आलेल्या कुणाला तोहफा म्हणून दिला जातो.

मराठीत छापताना आपण उर्दू शब्दांचे नुक्ते सोडून देतो, मीही या लेखात सोडलेत, आणि वाचणाऱ्याला ते चालतं. आयतीत ते चालणार नाही.

म्हणून पहिला नियम असा की ग्राफ हातात आला की सुई लावण्याआधी तो हाफिजसाहेबांना किंवा अरबी नीट वाचणाऱ्या कुणाला दाखवायचा. शेजारी छापील मुसहफ ठेवून एकेक नुक्ता पेन्सिलने मोजायचा. आणि दुसरं, नुक्ते आणि एराब फुल्यांमध्ये भरायचेच नाहीत. तिथे मागचा रंग भरून मोकळं व्हायचं आणि नुक्ते शेवटी वरून बसवायचे.

नुक्ता बसवायचा कसा? कातिब लोक बोरूने लिहितात. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे त्याचा ठिपका गोल पडत नाही, शंकरपाळ्यासारखा पडतो. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुक्ला यांनी अक्षरांची मापं बसवली, ती याच ठिपक्यावर. अलिफ किती उंच, तर खताच्या शैलीप्रमाणे इतके नुक्ते. याचा आपल्याला सरळ उपयोग आहे. तुमच्या ग्राफमध्ये अक्षराची रेघ चार चौकोन जाड असेल, तर नुक्ताही चार चौकोन रुंदीचा शंकरपाळा हवा. तो पूर्ण फुल्यांनी भरला तर कडेला पायऱ्या येतात, म्हणून कडेचे चौकोन पाव किंवा पाऊण फुलीने भरायचे. रेघ दोनच चौकोन जाड असेल तर एवढी मेहनत नको, दोन पदरांची एक फ्रेंच नॉट, म्हणजे सुईला दोरा गुंडाळून बसवलेली गाठ, पुरते. ती उठून दिसते आणि शेजारच्या नुक्त्यात मिसळत नाही.

जबर, जेर, पेश, शद्द यांना बॅक स्टिच, म्हणजे आपली बखिया. दोरा सहापदरी असतो, त्यातला एकच पदर घ्यायचा. जबरसाठी दोन चौकोन आडवे आणि एक उभा अशा तिरकस टाक्याने काम होतं. शद्दला तीन दातांचं छोटंसं चिन्ह, ते चार लहान टाक्यांत बसतं. भरलेल्या कापडात मॅटीची बोथट सुई अडते, फुलीच्या मधून जात नाही, म्हणून बखियेला बारीक अणकुचीदार सुई घ्या. एराब वेगळ्या रंगात केले तर चालतील का, असं मुली विचारतात. रिवायत अशी आहे की अरबी लिखाणात एराबाच्या खुणा सुरू केल्या अबुल अस्वद अद-दुअली यांनी, हिजरीच्या पहिल्याच शतकात, आणि त्या खुणा म्हणजे अक्षरांच्या शाईपेक्षा वेगळ्या रंगाचे ठिपके होते. जुन्या मुसहफांत असे लाल ठिपके बघायला मिळतात. तेव्हा सोनेरी अक्षरांवर तांबूस एराब केले तर त्यात नवीन काही नाही. अदबीचे जे मसले आहेत, वजूचा वगैरे, ते मुफ्तींना विचारा. मी टाक्याचंच बोलते.

आता अक्षरांच्या पायऱ्या. नूनची वाटी, ऐनचं पोट, हे गोल आहेत आणि जाळी चौकोनी. इथे अक्षराच्याच रंगाचा एक पदर घेऊन कडेने बखिया फिरवायची, पण चौकोनाला चिकटून जायचं नाही. वळणाप्रमाणे कधी एकास दोन, कधी एकास तीन असा लांब तिरका टाका घ्यायचा. पायरीचा कोपरा टाक्याच्या आत दबतो आणि लांबून रेघ वळलेली दिसते. काळी रेघ मात्र नको. काळ्या रेघेने अक्षर कोंडल्यासारखं दिसतं. सोनेरी अक्षराला गडद मधाचा रंग, हिरव्याला त्याहून दोन छटा गडद हिरवा.

ज्यांना एवढ्या वळणांची भीती वाटते त्यांनी चौकोनी कूफी खत निवडावं. त्यात सगळ्या रेघा सरळ आणि सगळे कोपरे काटकोनात. इराण आणि मध्य आशियातल्या मशिदींच्या भिंतींवर विटांनी, फरशांनी हेच खत बसवलंय. आपल्या टाक्याला ते जणू मोजून दिलंय.

आता काबा शरीफच्या चित्राकडे वळू, कारण भरगच्च कामात सगळ्यात जास्त हेच केलं जातं. ग्राफमध्ये मधला सगळा भाग एकाच काळ्या नंबरचा येतो. भरून झाला की तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. खऱ्या गिलाफकडे निरखून बघा, नाहीतर चांगला फोटो मोठा करून बघा. तो नुसता काळा नाही. काळ्या रेशमातच काळ्या विणीने कलमे विणलेले आहेत. रंग एकच, पण वीण बदलली की उजेड वेगळा पडतो आणि अक्षरं दिसतात. वरच्या भागात जो पट्टा आहे, हिजाम, तो सुमारे ४७ मीटर लांब आणि ९५ सेंटीमीटर रुंद. त्याच्यावरच्या आयती सुलुस खतात आहेत आणि त्या उठावाच्या आहेत: आधी सुती दोऱ्यांचा भराव टाकून अक्षर फुगवतात आणि मग त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार बसवतात. मक्केतल्या कारखान्यात आजही हे काम माणसं हाताने करतात.

आपल्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी यात आहेत. काळ्यावर काळं, आणि भरावावर तार.

काळ्यावर काळं करायचं तर रंग बदलू नका, दोऱ्याची दिशा बदला. क्रॉस स्टिचमध्ये वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेने गेला पाहिजे, असं आपण पहिल्या दिवशी शिकतो, आणि ते बरोबरच आहे, कारण दिशा चुकली की तो चौकोन वेगळा चमकतो. हीच चमक इथे मुद्दाम वापरायची. गिलाफवर जिथे पट्ट्या हव्यात तिथे वरचा टाका उलट्या दिशेने घ्या. पंजाबच्या बाग फुलकारीत बायका हेच करत आल्यात. तेही भरगच्च काम, खालचं कापड दिसतच नाही. एकाच रंगाचा रेशमी दोरा एकदा उभा, एकदा आडवा भरला की एका रंगाच्या दोन छटा दिसतात. किंवा दुसरा उपाय, सुती काळा भरून झाल्यावर वरून चमकदार रेयॉनच्या काळ्या दोऱ्याचा एक पदर तिरका फिरवा. दिवसा खिडकीच्या उजेडात हे काम करा. रात्री ट्यूबच्या उजेडात काळ्यावर काळं भरणं म्हणजे डोळ्यांशी दुश्मनी, आणि त्यात लाइट गेली तर विचारायलाच नको.

हिजामला जर वापरायची. जरीचा दोरा कापडातून सारखा आत-बाहेर काढला की तो उसवतो, सोलतो, आणि मुली वैतागून जर सोडून देतात. जरदोजीचे कारागीर तार कापडातून ओढत नाहीत. ती वर ठेवतात आणि बारीक दोऱ्याने टाचतात. आपणही तसंच करायचं: पट्ट्याच्या जागी आधी पिवळ्या दोऱ्याचे चार-पाच आडवे टाके भराव म्हणून घालायचे, त्यावर जर ठेवायची आणि त्याच रंगाच्या एका पदराने थोड्या थोड्या अंतरावर दाबत जायचं. जरीची दोन टोकं तेवढी मागे काढायची. भराव पिवळाच घ्या, पांढरा नको, कारण जरीच्या फटीतून खालचा रंग डोकावतो.

घुमटाचं तंत्र थोडं वेगळं आहे. गोलाई येते ती उजेडामुळे, म्हणून उजेड कुठल्या बाजूने येतोय ते आधी ठरवा, आणि संपूर्ण चित्रात तो तिकडूनच येऊ द्या. ग्राफमध्ये हिरव्याच्या तीन छटा असतील तर जिथे दोन छटा भेटतात तिथे एक ओळ मिश्र दोऱ्याची घाला: सुईत एक पदर या छटेचा, एक त्या छटेचा. सांधा दिसेनासा होतो. मग घुमटाच्या टोकापासून खाली, फुगत जाणाऱ्या रेघा एका पदराने ओढा. मधोमध त्या लांब लांब, कडांकडे जवळ जवळ. चेंडूवरच्या शिवणी बघितल्यात ना, तसंच. वरच्या कलसाला जरीचे दोन टाके. मिनाराला उजेडाच्या विरुद्ध बाजूनेच गडद रेघ द्या. दोन्ही बाजूंनी दिली की मिनार कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

आकाशाबद्दल एक सांगते, हे मात्र फुल्या भरतानाच ठरवावं लागतं. १४ नंबरच्या कापडावर आपण दोन पदर वापरतो. आकाश आणि लांबचे डोंगर एकाच पदराने भरा, नाहीतर अर्ध्या फुलीने. ते पातळ दिसतं आणि आपोआप मागे जातं. पुढच्या गोष्टी दोन पदरांनी, आणि अगदी समोरचं झाड-फूल तीन पदरांनी भरलं तरी हरकत नाही. मात्र एका पदराने भरायचं असेल तर कापड आकाशाच्या रंगाचंच घ्या. पांढऱ्या मॅटीवर पातळ निळं भरलं तर ठिपके दिसतात.

शेतं, केळीच्या बागा, फुलांचे ताटवे असं काही करणाऱ्यांनी जवळच्या फुलांत फ्रेंच नॉट भराव्यात, पानांना साखळीचा एकेक सुटा टाका. लांबच्या झाडांना काहीही करू नका.

मणी शेवटी. काचेचे बारीक मणी १४ नंबरच्या चौकोनात साधारण बसतात. ते अर्ध्या फुलीच्या टाक्याने, सगळे एकाच दिशेने कललेले बसवायचे आणि प्रत्येकातून दोरा दोनदा न्यायचा, नाहीतर ते डुलत राहतात. माझं स्पष्ट मत आहे की तुगऱ्यात मणी कमीत कमी असावेत. महिरपीच्या कडेला ठीक. अक्षरात मणी घातले की नजर मण्यावर जाते आणि शब्द मागे पडतो. हल्ली काही जणी सगळीकडे टिकल्या, मणी, जर एकत्र लावतात. चित्रात सगळंच चमकायला लागलं की कुठलीच गोष्ट पुढे येत नाही. एका चित्रात दोन, फार तर तीन जागा उठावाच्या ठेवा.

कामाचा क्रम चुकला तर केलेलं वाया जातं, म्हणून तोही सांगते. आधी सगळ्या फुल्या. मग साध्या गार पाण्यात, सौम्य साबणाने कापड धुवायचं. खानदेशातल्या उन्हाळ्यात चार महिने हाताच्या घामात राहिलेलं कापड न धुता फ्रेम केलं तर ते पुढे पिवळं पडतं. लाल आणि काळ्या दोऱ्याचा रंग उतरतो का, ते सुरू करण्याआधीच ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघायचं. धुतल्यावर पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं. मग जाड टॉवेलवर चित्र पालथं ठेवून मागून इस्त्री. त्यानंतर बखिया, मग गाठी आणि नुक्ते, मग जर, आणि अगदी शेवटी मणी. गाठी बसल्यावर त्या जागी रिंग लावायची नाही, दबून बसतात. कापड हातात धरूनच काम करायचं.

नुक्ते बसवून झाले की ज्यांनी ग्राफ वाचला होता त्यांच्याकडूनच पुन्हा एकदा वाचून घ्या. या वेळी काही चुकलं असेल तर कात्रीने एक गाठ काढायची असते, फुल्या उसवाव्या लागत नाहीत. नुक्ते वरून बसवण्याचा हाही एक फायदा.

फ्रेमवाल्याकडे जाताना एक गोष्ट ठासून सांगा: काच कापडाला टेकायला नको. कडेने जाड माउंट किंवा पट्टी घालून मध्ये जागा ठेवायला लावा. काच टेकली की नुक्ते आणि हिजामचा भराव सपाट होतो, आणि पावसाळ्यात आतून दमट धरून बुरशी येते. काच नको म्हणाल तर धूळ बसते, आणि उठावाच्या कामातली धूळ निघत नाही. फ्रेम टांगायची ती खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे उजेड आडवा पडतो आणि गाठींची, जरीची सावली दिसते. समोरून थेट ऊन येणारी भिंत टाळा, दोन उन्हाळ्यांत हिरवा रंग उडतो.